गोल नाकारणारी मुलगी यादीत का नाही?

आंतरशालेय हॉकी स्पर्धेचे संयोजक आणि निवड समितीच्या सदस्यांना खुले पत्र

मान्यवर,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेनंतर मुलींच्या सराव शिबिरासाठी तुम्ही निवड यादी लावली. त्या यादीत माझ्या लेकीचं नाव आहे, गोलकीपर म्हणून अगदी वरच. म्हणजे मुलीला वगळलं म्हणून रागावलेल्या आईचं हे पत्र नाही, हे आधी सांगते. जिच्यासाठी लिहिते आहे ती माझ्या नात्यातली नाही, लेकीच्या शाळेतली नाही, आमच्या गल्लीतलीही नाही. ती आमच्या विरुद्ध खेळली. तिचं नाव यादीत नाही, राखीव खेळाडूंतही नाही. ते का नाही, याचं कारण तुमच्यातल्या एका सदस्यांनी मैदानाच्या कडेला आम्हा चार-पाच पालकांसमोर सांगितलं आणि ते ऐकल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. मी तिथंच विचारलं, तर उत्तर आलं, "वहिनी, तुमची मुलगी आत आहे ना? मग कशाला?" लेखी अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

मुलीचं नाव, शाळा आणि गाव मी लिहिणार नाही. तिच्या घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे आणि त्यांची तेवढी एकच अट आहे.

उपांत्य सामन्यात काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवटचं क्वार्टर चालू होतं, दोन्हीकडं एकेक गोल. त्यांच्या हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या मुलीनं, डीच्या बाहेरून जोराची हिट मारली. गोलपोस्टपासून १४.६३ मीटरवर जी वळणदार रेषा आखलेली असते, तिच्या आतली जागा म्हणजे डी. त्या जागेत चढाई करणाऱ्या संघातल्या कुणाची तरी स्टिक चेंडूला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. बाहेरून मारलेला चेंडू तसाच जाळ्यात गेला तर तो गोल नव्हे. म्हणून जाणती गोलकीपर असा चेंडू मुद्दाम सोडून देते. अडवायला जावं आणि रिबाउंडवर समोरचीनं ढकलावा, त्यापेक्षा सोडलेला बरा. माझ्या लेकीनं तेच केलं. पाय मागं घेतला.

पण त्या हिटच्या वाटेत, जिच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ती मुलगी स्टिक आडवी टाकून झेपावली होती. अंपायर उभे होते तिथून बघणाऱ्याला चेंडू तिच्या स्टिकला लागूनच गेला असं वाटावं, इतकं ते जवळचं होतं. शिट्टी झाली, अंपायरांचे दोन्ही हात मध्याकडं गेले. गोल! त्यांच्या मुली पळत सुटल्या, बाहेर शाळेच्या बँडपथकाचा ढोल वाजायला लागला. ही उठली. गुडघा टर्फवर घासून सोलला होता. तिनं तिकडं पाहिलंही नाही. स्टिक खाली धरून सरळ अंपायरांकडं गेली आणि म्हणाली, "सर, माझी स्टिक नाही लागली." अंपायरांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "नाही सर, बाहेरूनच आला." दोन्ही अंपायर एकमेकांशी बोलले आणि गोल रद्द झाला. आमच्या मुलींना पंधरा मीटरवरून फ्री हिट मिळाली.

सामना बरोबरीत सुटला, शूटआउट झालं. एकटी खेळाडू, समोर एकटी गोलकीपर, हातात आठ सेकंद. पहिली तीच आली. माझ्या लेकीला एका बाजूला ओढून रिव्हर्स स्टिकनं, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, तिनं चेंडू आत घातला. कुणीही शिकून घ्यावा असा गोल होता तो. पुढं तिच्या मैत्रिणींचे दोन हुकले आणि आम्ही जिंकलो. त्या रात्री जेवताना माझी लेक म्हणाली, "आई, कुणाचीच स्टिक लागली नव्हती हे मला माहीत होतं. पण मी ओरडून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का? तिनं सांगितलं म्हणून आम्ही जिंकलो."

तिच्या त्या खरं सांगण्यावर तुमचे सदस्य मैदानाच्या कडेला म्हणाले ते असं : "मुलगी स्टिकला चांगली आहे, पण संघाचं नुकसान करते. पुढच्या लेव्हलला असल्या स्वभावाच्या मुली टिकत नाहीत. किलर इन्स्टिंक्ट पाहिजे."

या वाक्याला माझा विरोध आहे. ते एका माणसाच्या तोंडून सहज निघून गेलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण यादीही त्या वाक्याला धरूनच लागली आहे. खेळाच्या हिशेबानं तिला बाहेर ठेवण्याचं दुसरं कोणतंही कारण मला दिसत नाही. तिचा पहिला टच पाहा. चेंडू स्टिकला चिकटून राहतो. उजवीकडून आत शिरताना ती मान वर ठेवून धावते, म्हणून तिचा पास मोकळ्या मुलीला जातो. चेंडू हातचा गेला की फॉरवर्ड असूनही मध्यरेषेच्या मागं येऊन टॅकल करते. हे मी आई म्हणून लिहीत नाही. मी स्वतः शाळा-कॉलेजात हॉकी खेळले आहे. मुरमाचं मैदान, चेंडू कुठं उसळेल याचा नेम नाही. खेळाडू कोण आणि नुसती धावणारी कोण, एवढं मला कळतं.

काही जण म्हणतात, निर्णय अंपायरांचा, खेळाडूनं मध्ये बोलायचं कारण काय? शिट्टीपर्यंत खेळायचं आणि शिट्टी मानायची. शिट्टी मानायची, हे मलाही मान्य आहे. पण अंपायरांना घेराव घालून आपल्या बाजूचा निर्णय मागणं वेगळं आणि आपल्या पदरात पडलेलं जे आपलं नाही ते परत करणं वेगळं. पहिली गोष्ट या स्पर्धेत प्रत्येक सामन्यात घडली आणि तिच्याबद्दल कुणाचं नाव वगळलं गेलं नाही. दुसरी एकदाच घडली. मोठ्या सामन्यांत व्हिडिओ अंपायर असतो, संघाला रेफरल, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागता येतो, आठ बाजूंनी चित्रण असतं. शालेय सामन्यात दोन माणसं असतात, अर्धं अर्धं मैदान वाटून घेतलेली, आणि चेंडू असतो दीडशे ग्रॅमच्या वरचा, डोळ्यांपुढून क्षणात निघून जाणारा. अशा वेळी खरं काय ते फक्त खेळाडूला माहीत असतं. तिनं ते सांगितलं की अंपायरांचा अपमान होत नाही, त्यांचं काम सोपं होतं. सामन्यानंतर त्याच अंपायरांनी तिच्याशी हात मिळवला, हेही तुमच्यासमोरच घडलं.

आपल्या कोल्हापुरातल्या हॉकी स्टेडियमला मेजर ध्यानचंद यांचं नाव आहे. २९ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालून आपण राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा करतो, मुलांना भाषणं ऐकवतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मन गोलकीपरशी टक्कर होऊन त्यांचा दात पडला होता. उपचार घेऊन ते परत आले आणि सहकाऱ्यांना म्हणाले, चेंडू त्यांच्या डीपर्यंत न्यायचा आणि गोल न मारता मागं आणायचा, असं सांगतात. भारतानं तो सामना ८-१ नं जिंकला. ज्यांच्या स्टिकपुढं कुणाचं काही चालत नव्हतं त्या माणसाला दातावर दात मागावासा वाटला नाही. त्यांच्यात किलर इन्स्टिंक्ट नव्हती असं तुमच्यातलं कोण म्हणेल?

आता माझ्या तक्रारी. त्या या एका मुलीपुरत्या नाहीत, कारण तिच्यावर झालेला अन्याय आकाशातून पडलेला नाही. आपण शालेय हॉकी जशी चालवतो त्यातूनच तो झाला आहे.

पहिली तक्रार निवडीच्या पद्धतीची. कशाच्या आधारे निवड झाली हे कुठंही लिहिलेलं नाही. ऑफिसच्या काचेवर सेलोटेपनं चिकटवलेला एक कागद, त्यावर नावं, खाली सही. गुण नाहीत, शेरा नाही, कोण पाहणी करत होतं त्यांची नावं नाहीत. ती मुलगी त्या कागदासमोर उभी होती तेव्हा मी तिथं होते. तिनं वरून खालपर्यंत बोट फिरवलं, मग पुन्हा वरून खालपर्यंत. नंतर वळून माझ्या लेकीचं अभिनंदन केलं आणि म्हणाली, "तुझ्या डाव्या पॅडचा पट्टा सैल पडतो, बघ. शूटआउटला दिसला मला. शिबिरात घट्ट बांध." मी घरी येऊन तो पट्टा पाहिला. बक्कलचं भोक खरंच फाटलं होतं. अशी मुलगी शिबिरात असती तर सगळ्या मुलींना तिच्याकडून काय काय मिळालं असतं, याचा हिशेब तुमच्या समितीत कुणी केला का?

दुसरी तक्रार कार्डांची. ग्रीन, यलो, रेड, शिस्तीसाठी हॉकीत तीन कार्डं आहेत. सामन्यात ती दाखवली जातात. पण सामना संपला की त्यांची नोंद कुठं जाते? मी स्कोअरशीटची मागणी केली तेव्हा कळलं की बऱ्याच शीटवर कार्डांचा रकाना कोराच आहे. शिट्टी झाल्यावर समोरचीच्या नडगीवर मुद्दाम स्टिक मारून यलो कार्ड घेतलेली, म्हणून काही मिनिटं मैदानाबाहेर बसलेली एक खेळाडू यादीत आहे. त्या मुलीवर माझा राग नाही. ती कोवळ्या वयाची आहे आणि हे तिला कुणीतरी शिकवलेलं आहे. पण खरं बोलणारी "संघाचं नुकसान करते" आणि संघाला दहा जणींवर आणणारी करत नाही, हे गणित मला समजावून सांगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात आपल्या हॉकी संघातल्या अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. आपला संघ उरलेला सामना दहा जणांत खेळला आणि शूटआउटवर जिंकला. त्या कार्डावरून वाद झाला, आपण दादही मागितली, तरी रोहिदासला जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बाहेर बसावं लागलं आणि तो सामना आपण ३-२ असा हरलो. तिथं एका कार्डाची एवढी किंमत मोजावी लागते. "पुढच्या लेव्हल"ची काळजी तुम्हाला असेल तर कार्डाची वही आधी नीट ठेवायला हवी.

तिसरी तक्रार लिहिताना मला खरोखर वाईट वाटतं. वयचोरीची. मैदानावर सगळ्यांना माहीत असतं. एक-दोन वर्षं कमी दाखवलेला दाखला, दुसऱ्याच गावच्या शाळेतून ऐन वेळी आणलेली मुलगी, विचारलं तर "कागद ओके आहेत" एवढं उत्तर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपण सांगतो, तुझी जन्मतारीख विचारली तर ही सांग. तिला ते पाठ करायला लावतो. घरची आणि शाळेची मोठी माणसं मिळून तिला खोटं बोलायला शिकवतात, तेही खेळाच्या नावाखाली. मग तिनं डीमध्ये खरं बोलावं ही अपेक्षा कशी करायची? आणि असल्या वातावरणातही एखादी बोलते, तर तिला बाहेर काढायचं? यामागं दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, प्रमाणपत्र आहे, पुढं नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण आहे, हे मला कळतं. ज्या घरात दुसरं काही नाही त्या घराला प्रमाणपत्राचं मोल किती असतं तेही कळतं. पण त्या प्रमाणपत्रावर खोट्या वयाच्या मुलीनं हात ठेवला की खऱ्या वयाची कुणीतरी मुलगी घरी बसते. तिच्या घरातही दुसरं काही नसतं.

चौथी तक्रार आम्हा पालकांची, म्हणजे पालकांना कुणी आवरत नाही याची. "पाय तोड तिचा" हे वाक्य मी याच स्पर्धेत एका वडिलांच्या तोंडून ऐकलं. मैदानात बारावीच्या आतल्या मुली होत्या. अंपायर म्हणून उभी असतात ती कॉलेजात शिकणारी पोरं-पोरी, मिळणारं मानधन येण्याजाण्यात जातं. त्यांना आईबहिणीवरून शिव्या पडतात आणि संयोजकांच्या मंडपातून कुणी उठत नाही. फुटबॉलच्या हंगामात हुल्लडबाजीपायी काय काय झालं ते कोल्हापूरनं पाहिलं आहे. सामने थांबले, पोलिस बंदोबस्त लागला, घरच्यांनी पोरांना मैदानावर पाठवायचं बंद केलं. हॉकीला अजून तेवढी गर्दी नाही, तोवरच हे आवरता येईल.

बक्षिसांबद्दल थोडक्यात : उत्कृष्ट फॉरवर्ड, उत्कृष्ट डिफेन्डर, उत्कृष्ट गोलकीपर, स्पर्धेची उत्कृष्ट खेळाडू एवढी बक्षिसं होती. खिलाडूवृत्तीचं नव्हतं. कप कमी पडत असेल तर मी देते.

तिच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण सामन्यानंतर ते तिला सगळ्यांसमोर बोलले. "अंपायरनं दिला होता ना? मग तू कोण सांगणारी?" मला ते आवडलं नाही. पण त्या सरांची अडचणही मी पाहिली आहे. शाळेचा संघ पुढं गेला नाही तर पुढच्या वर्षी स्टिक मिळत नाहीत, गोलकीपरचं किट दुरुस्त होत नाही, सकाळच्या सरावाला परवानगी मिळत नाही. त्यांना निकालावर तोलणारे आपणच आहोत. त्यांनी पुढच्याच दिवशी तिला सरावाला बोलावलं, हेही मला कळलं आहे. समितीनं मात्र काहीच दुरुस्त केलं नाही.

हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्त्यांचं मैदान उभं केलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तिथं माती कपाळाला लावूनच पैलवान उतरतो, समोरच्याच्या हाताला माती देतो. पाठ लागली की लागली. पैलवान स्वतः उठून उभा राहतो, पंचांकडं बघत बसत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. हॉकीतही आम्ही खेळायचो तेव्हा सामना संपला की दोन्ही संघ ओळीनं उभे राहून एकमेकींच्या नावानं हिप हिप हुर्रे करायचे. यंदा उपांत्य सामन्यानंतर दोन संघांना हात मिळवायलाही कुणी उभं केलं नाही. बक्षीस समारंभाचे पाहुणे येऊन बसले होते म्हणून घाई होती.

तुमच्यापुढं मी फेरचाचणीची मागणी ठेवणार आहे आणि "एकदा लागलेली यादी बदलत नाही" हे उत्तर येणार, याचीही मला कल्पना आहे. म्हणून पैलवान खाशाबा जाधवांची आठवण करून देते. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत त्यांना डावलल्याची तक्रार झाली होती. त्यांनी गप्प न बसता पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा लढत झाली, त्यांनी प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवलं आणि मग त्यांचं नाव लागलं, असा तो इतिहास सांगितला जातो. परदेशी जायला पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या वर्षी खाशाबांनी आणलेलं ब्राँझ हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकदा झालेली निवड पुन्हा तपासली गेली म्हणून ते पदक आलं. त्या निवडीला हात लावायचाच नाही असं तेव्हा कुणी ठरवलं असतं, तर आज आपल्याकडं सांगायला काय राहिलं असतं? मी तर कुणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही. एक दिवस सकाळी मैदान, दोन अंपायर आणि उघडी वही, एवढंच मागते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शिबिर सुरू होण्याआधी फेरचाचणी घ्या आणि ती फक्त त्या मुलीची नको, सगळ्यांची घ्या. आत असलेल्यांचीही. पाहणी करणाऱ्यांत ज्यांची स्वतःची मुलगी किंवा स्वतःच्या शाळेचा संघ नाही अशी माणसं बसवा.

निवडीचे निकष लिहून फलकावर लावा. ट्रॅपिंग (चेंडू स्टिकनं थांबवणं), पास, टॅकल, धावणं, खेळाची समज यांना जे गुण द्यायचे ते द्या, आणि मैदानावरच्या वागणुकीलाही गुण ठेवा. किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा, पण शून्य नकोत. जिची निवड झाली नाही त्या प्रत्येक मुलीला तिचे गुण पाहता आले पाहिजेत.

प्रत्येक सामन्यातल्या कार्डांची नोंद सक्तीची करा आणि यलो किंवा रेड कार्ड मिळालेल्या मुलीच्या निवडीवेळी ती वही समोर ठेवा. तिला कायमचं बाहेर काढा असं मी म्हणत नाही. तिच्याशी बोला, तिच्या सरांशी बोला.

वयासाठी जन्मानंतर वर्षाच्या आत नोंदवलेला दाखला आणि पहिलीच्या प्रवेशावेळचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, दोन्ही मागा. ताळमेळ लागला नाही तर तो प्रवेश थांबवा. पकडलेल्या मुलीचं नाव जाहीर करू नका, शाळेचं करा. खोटा कागद मुलगी तयार करत नाही.

पालकांना कुंपणाच्या बाहेर ठेवा. अंपायरला शिवी दिली तर सामना थांबवून त्या माणसाला बाहेर काढा, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. या नियमाखाली पहिलं नाव माझं आलं तरी चालेल.

आणि जे सदस्य "संघाचं नुकसान करते" असं म्हणाले, त्यांनी त्या मुलीला भेटून, तिच्या क्रीडाशिक्षकांच्या समोर, ते वाक्य मागं घ्यावं. माफी मागा असं मी म्हणत नाही. माझ्या माहितीप्रमाणे ते स्वतः चांगले खेळाडू होते, त्यांनी या शहरातल्या मैदानांवर आयुष्य घालवलं आहे आणि कित्येक मुलींना स्टिक धरायला शिकवली आहे. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि म्हणूनच तो शब्द तसाच राहू नये. ती मुलगी सध्या सरावाला जाते, पण सामन्यात पूर्वीसारखी डीमध्ये शिरत नाही, असं तिची आई मला फोनवर म्हणाली. "आता चेंडू कुठं लागला हे सांगायचं का नाही, असं विचारते," असंही म्हणाली. तिच्या आईकडं याचं उत्तर आहे. पण ते उत्तर तुमच्याकडूनही जायला हवं, कारण यादी तुम्ही लावली आहे.

या पत्राची प्रत मी पुन्हा लेखी स्वरूपात तुमच्या कार्यालयात दिली आहे. उत्तर लेखीच द्यावं ही विनंती. उत्तर आलं तर तेही मी असंच सगळ्यांना वाचायला देईन, माझ्या विरोधात असलं तरी. फेरचाचणी ठरली तर तारीख फलकावर लावा, सगळ्या शाळांना एकाच दिवशी कळवा. माझी लेक त्या सकाळी पॅड बांधून हजर असेल. त्या चाचणीत तिची जागा गेली तर आमची तक्रार नसेल, हे तिनंच मला लिहायला सांगितलं आहे.

आपली,
कसबा बावड्यातली एक पालक आणि जुनी हॉकी खेळाडू
कोल्हापूर